मदत हवी आहे: खोबरेल मिलिलिटरने मोजले, साबणात कॉस्टिक जास्त झाले

नमस्कार मंडळी. नागपुरात घरच्यासाठी निव्वळ खोबरेल तेलाचा साबण करते. थंडीत तेल थिजलेले होते (ते साधारण २४ अंशांखाली गोठतेच). वितळवून मापपात्राने ५०० मिली घेतले आणि तेच ५०० ग्रॅम धरून हिशेब केला. १ ग्रॅम तेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा, त्यातून (थोडे तेल शिल्लक राहावे म्हणून) ५ टक्के कमी, म्हणून ८७ ग्रॅम घातला.

चूक नंतर लक्षात आली. तेलाची घनता ०.९२ च्या आसपास, म्हणजे प्रत्यक्षात तेल ४६० ग्रॅमच होते आणि त्याला पुरणारा सोडा ८४ ग्रॅम. तीन आठवडे वाळवूनही वडी भुसभुशीत आहे, फिनॉल्फ्थॅलिनचा (उरलेला सोडा दाखवणाऱ्या द्रवाचा) थेंब गडद गुलाबी होतो. अंगाला अजून कोणीच लावलेला नाही, लावणारही नाही.

किसून, थोड्या पाण्यात मंद आचेवर वितळवून कमी पडलेले ४० ग्रॅम तेल मिसळायचा विचार आहे. काटा १ ग्रॅमचा आहे, हातमोजे-चष्मा आहे, भांडे स्टीलचे. ॲल्युमिनियम वापरत नाही.

खोबरेलाचा साबणीकरण अंक (१ ग्रॅम तेलाचा साबण व्हायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागते तो आकडा) २४८ ते २६५ असा बदलतो, म्हणजे ग्रॅममागे कॉस्टिक सोडा ०.१७७ ते ०.१८९ ग्रॅम. माझे तेल इतवारी बाजारातले सुटे, घाण्याचे, त्याचा अंक माहीत नाही. मग ०.१८३ धरून काढलेले ४० ग्रॅम पुरेल, की सुरक्षिततेसाठी ०.१७७ धरून जास्त तेल घालावे? आणि तीन आठवडे वाळलेल्या वडीतला उरलेला सोडा नव्या तेलाशी पूर्ण जुळायला किती वेळ शिजवावे लागते?