कोणत्या पानावर डोळे भरले?

परवा आईचं कपाट आवरताना 'श्यामची आई'ची जुनी प्रत हाती लागली. पुठ्ठा निघालेला, आत खुणेसाठी ठेवलेलं एसटीचं तिकीट. ते होतं 'अळणी भाजी'च्या पानावर. भाजीत मीठ घालायचं राहून गेलंय, आणि वडील चकार शब्द न काढता, उलट भाजीचं कौतुक करत जेवतात. आई शेवटी स्वतः पानावर बसते तेव्हा तिला कळतं. त्या पानात कुणी मरत नाही. तरी मी तिथेच खाली बसून कितीतरी वेळ रडत होते. आमच्या घरीही सगळ्यांच्या मागून आईच जेवायची आणि भाजी कशी झालीय हे आम्ही तिला बिघडली तरच सांगायचो.

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. नव्वद वर्षं उलटून गेली, तरी ती भाजी अळणीच लागते.

तुम्हाला कोणत्या पुस्तकाने रडवलं? नुसतं नाव नको. प्रसंग सांगा, आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात तेही सांगा.

अबोली
मी कोकणात शिक्षिका होते. सातवीच्या वर्गात हेच पुस्तक शनिवारी शेवटच्या तासाला मोठ्याने वाचायचे. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवतो, तो भाग. कोट बघून आई आधी विचारते, पैसे कुठून आणलेस? तिथे आल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून वर्गाबाहेर गेला. नंतर कळलं, सुट्टीत एका दुकानात काम करून त्याने बहिणीला चपला आणल्या होत्या आणि घरी चोरीचा आळ येऊन मार खाल्ला होता. पुढचं पान मला वाचता येईना. वर्गातल्या एका मुलीने ते वाचलं.

माणदेशी
माझे आजोबा मेंढरंवाले. अक्षरओळख नाही. मी आठवीत असताना त्यांना 'बनगरवाडी' वाचून दाखवायचो, रोज रात्री चार-पाच पानं. मास्तर गावात येतो, शाळा भरते, सगळे मिळून तालीम बांधतात, इथवर आजोबा खूश. "आपल्यातलंच हाय की रं हे," म्हणायचे. मग पुस्तकात दुष्काळ आला. मेंढरं पटापटा मरायला लागली, माणसं वाडी सोडून निघाली. आजोबांनी पटका तोंडावर ओढला. मला वाटलं, झोप लागली. मी थांबलो तर आतून म्हणाले, "वाच. थांबू नगंस."

बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी अख्खा कळप घालवला होता आणि मग खडी फोडायला गेले होते. आम्हा नातवंडांना त्यांनी त्यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. त्या रात्री दिवा मालवल्यावर एकेका मेंढीचं नाव घेऊन सांगितलं. पुस्तक माडगूळकरांनी १९५५ मध्ये लिहिलेलं, म्हणजे बाहत्तरच्या कितीतरी आधी. आजोबांना ते काही केल्या पटेना. "मग त्येला कसं ठावं?" एवढंच विचारत राहिले.

कृष्णाकाठ
'झाडाझडती'. धरणात गाव जातं त्याची कादंबरी. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. वडिलांनी वीस पानं वाचली आणि पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिलं. अजून तिथेच आहे.

निळी शाई
हॉस्टेलवर 'कोसला' सगळे हसण्यासाठी वाचायचे. मीही हसतच होतो. मग पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते. आधीची सगळी टवाळी एकदम गळून पडते. तो दुःख नीट मांडत नाही, घरच्यांवर चिडतो, वेड्यासारखं काहीबाही बोलत सुटतो. माझी बहीण तापाने गेली तेव्हा मीही घरात सगळ्यांवर ओरडलो होतो आणि पुढे कित्येक वर्षं त्याची लाज वाटत होती. ती पानं वाचल्यावर रात्रभर गच्चीवर बसलो. सकाळी घरी फोन करून आईशी पहिल्यांदा तिच्याबद्दल बोललो.

ओवी
'तोत्तोचान'. माझ्या मुलीच्या पायाला कॅलिपर आहे. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान शिडी लावून, ओढून, ढकलून झाडावर चढवते, ते मी तिला वाचून दाखवलं. ती खुदकन हसली, "आई, तो वरून काय बघत असेल?" मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. पुढे यासुआकी जातो, ते पान मी गाळलं. तिने नंतर स्वतः वाचलं. मला म्हणाली, "पण झाडावर चढून झालं होतं ना त्याचं."

दूरदेशी
अबोलीताई, तुमचं वाचून लिहिते आहे. मी मस्कतला असते. आई गेली तेव्हा विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून 'श्यामची आई' हातात घेते, पण शेवटची प्रकरणं, त्या शेवटच्या 'रात्री', वाचत नाही. श्यामलाही पोचायला उशीर होतो, हे लहानपणी वाचलं होतं तेव्हा मला त्याचा राग आला होता. लवकर निघायला काय झालं होतं, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात मुलीने ते पुस्तक पुरं केलं. तिचं मराठी वाचन अजून अडखळत चालतं, तरी केलं. रात्री माझ्या खोलीत आली आणि विचारलं, "तुला आजी भेटली होती का गं?"

मी नाही म्हटलं. ती काही बोलली नाही. पुस्तक उशाशी ठेवून माझ्याजवळच झोपली.