तंटामुक्तीच्या पुरस्कारांना पुन्हा निधी द्यावा का?

नांगरट (मूळ मांडणी)

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम नव्या जोमाने सुरू करावी आणि तिच्या पुरस्कारांसाठी गृह विभागाने पुन्हा भरघोस तरतूद करावी, अशी सूचना अधूनमधून कानावर येते. माझा या सूचनेला विरोध आहे. गावाने आणि पोलिसांनी एकत्र बसावे हे मला मान्य आहे. मला खटकते ती त्यासाठी पैसा देण्याची पद्धत.

१५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना ही मोहीम सुरू झाली. गावाने समिती नेमावी, दिवाणी, महसुली आणि फौजदारी तंट्यांची नोंदवही ठेवावी, जे मिटण्याजोगे असतील ते सामोपचाराने मिटवावेत आणि मूल्यमापनात पात्र ठरल्यास लोकसंख्येनुसार १ लाखापासून १० लाख रुपयांपर्यंत पुरस्कार मिळवावा, अशी तिची रचना होती. मोहिमेच्या बातम्या लिहिणाऱ्या पत्रकारांसाठीसुद्धा पुरस्कार होते, यावरून प्रसिद्धीला किती महत्त्व दिले गेले होते हे ध्यानात येईल.

पुरस्कार गुणांवर आणि गुण नोंदवहीवर अवलंबून असले की नोंदवही गुणांसाठी लिहिली जाते. आमच्या भागात मूल्यमापनाच्या वर्षी एखादा माणूस मारहाणीची तक्रार घेऊन निघाला, तर ‘यंदा थांब, गावाचा नंबर जाईल’ असे त्याला वेशीवरच सांगितले जाई, आणि ज्यांच्यात कित्येक वर्षे शब्दानेही वाद झाला नव्हता अशा भावकीतले तंटे ‘मिटले’ म्हणून वहीत चढत. पैसा आला, त्यातून कमान उभी राहिली, पेव्हर ब्लॉक बसले आणि पुढच्या वर्षापासून समितीची बैठक भरेनाशी झाली. एकदा बक्षीस मिळाले की पुढे काम करत राहण्यासाठी गावाला काहीच आधार उरत नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे की हाच पैसा दरवर्षी लागणाऱ्या साध्या गोष्टींवर खर्च करावा : बीट अंमलदाराचा (ठाण्याच्या हद्दीतली काही गावे ज्याच्याकडे सोपवलेली असतात त्या पोलिसाचा) प्रवास, पोलीस पाटलाला बसायला जागा आणि कागदपत्रे ठेवायला कपाट, आणि ठाण्यात रिक्त असलेली पदे.

माजी सरपंच

आपण वर्णन केलेले गैरप्रकार झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आपण सुचवलेला उपाय म्हणजे गावाच्या हातातला पैसा काढून तो पुन्हा खात्याच्या हाती देणे आहे. ग्रामपंचायतीकडे येणारा बहुतेक निधी आधीच कुठल्या तरी लेखाशीर्षाला बांधलेला असतो. वित्त आयोगाच्या पैशातही बंधित आणि अबंधित असे वाटे पाडलेले आहेत. तंटामुक्तीचा पुरस्कार हा गावाने स्वतःच्या वागणुकीवर मिळवलेला पैसा होता, आणि त्याचा अभिमान कमानीच्या दगडापेक्षा मोठा होता.

आमच्याकडे दोन चुलतभावांचा बांधाचा वाद दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे पडून होता. मोजणी दोनदा झाली, दोन्ही वेळा एकाने हद्दीचा दगड उपटून टाकला. समितीने दोघांना संध्याकाळी मारुतीच्या देवळात न बोलावता भर दुपारी त्याच बांधावर उभे केले, शेजारच्या चारही खातेदारांना साक्षीला घेतले, आणि बांधावरची बोरीची झाडे कोणाची हे आधी ठरवले, कारण खरे भांडण त्या झाडांचेच होते. बांध त्यानंतर आपोआप सुटला. हे काम कोणता बीट अंमलदार करणार? त्याच्याकडे किती गावे असतात, हे आपल्याला ठाऊक आहेच.

खाकीतला निवृत्त

मी बीट अंमलदार म्हणून काम केले असल्यामुळे दोघांनाही थोडे टोचेल असे लिहितो. बीटवर जाण्याचा दिवस कागदावर ठरलेला असतो, पण गणेशोत्सव, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, मोर्चा यांपैकी काहीही आले की बंदोबस्ताला माणूस उचलला जातो तो बीटवरूनच. त्यामुळे प्रवासभत्ता वाढवला तरी जायला माणूसच नसेल तर तो खर्ची कसा पडणार? दुसरीकडे, जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून गाड्या आणि सीसीटीव्ही कॅमेरे येतात, त्यांचे उद्‌घाटनही होते. मात्र देखभालीचा करार संपला की चौकातला कॅमेरा नुसता खांबावर राहतो. खरेदीला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. हे दुखणे पुरस्काराच्या आणि नांगरट यांनी सुचवलेल्या, अशा दोन्ही योजनांना सारखेच लागू आहे.

भिवंडीचे उदाहरण येथे आठवावे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या त्या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. तेथे पुरस्काराचे आमिष नव्हते. शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आपल्या भागातल्या हिंदू-मुसलमान रहिवाशांबरोबर नियमित बसावे लागत होते, एवढेच.

माजी सरपंच

भिवंडीला एक खंबीर अधिकारी लाभला. प्रत्येक तालुक्याला तसा लाभेल या भरवशावर योजना आखता येत नाही.

काळा कोट

पैसा कोणाच्या हाती असावा यावर आपण सारे बोलत आहात. समितीसमोर कोणता तंटा यावा यावर कोणीच बोलत नाही, म्हणून मला हा प्रतिसाद लिहावा लागत आहे. कोणते गुन्हे तडजोडपात्र, म्हणजे आपसात मिटवता येण्याजोगे, आहेत हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये ठरवून दिले आहे, पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होते. पती व सासरच्यांकडून होणारा छळ त्या यादीत नाही. तरीही ‘घरातला मामला’ म्हणून असे कितीतरी अर्ज ठाण्यात पोहोचण्याआधी समितीसमोर ठेवले गेले, आणि विवाहितेला नांदायला पाठवून तंटा मिटल्याची नोंद झाली. तंटामुक्त समितीने प्रेमीयुगुलाचे लग्न लावल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. दोघे सज्ञान आणि राजी असतील तर ते चांगलेच काम आहे. मात्र फसवणुकीची किंवा अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या मुलीचे त्याच माणसाशी लग्न लावले जाते, तेव्हा समिती गुन्ह्यावर पांघरूण घालत असते. गावाला मिटवलेल्या प्रकरणांच्या संख्येवर रक्कम मिळणार असेल, तर त्या मुलीला ‘नाही’ म्हणणे किती अवघड होईल याचा विचार मागणी करणाऱ्यांनी करावा.

थेम्सकाठ

मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. येथे १९९८ च्या कायद्याने पोलीस आणि स्थानिक परिषद यांनी मिळून गुन्हे कमी करण्याचा आराखडा करणे बंधनकारक केले, आणि २००२ च्या कायद्याने गस्तीसाठी कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर आले. पुढे २०१० पासून सरकारने खर्चाला कात्री लावली. इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांची संख्या २०१८ पर्यंत सुमारे २० हजारांनी घटली आणि हे सपोर्ट ऑफिसर १६ हजारांहून अधिक होते ते १० हजारांच्या आसपास आले. भागीदारीचा कायदा जागेवरच राहिला, बैठका होत राहिल्या, पण ठरलेले काम करायला माणसे कमी पडली. मात्र येथे घरपट्टीसारख्या कौन्सिल टॅक्सच्या बिलात पोलिसांचा वाटा वेगळ्या ओळीत छापलेला असतो, त्यामुळे तो वाढला की लोक जाब विचारतात. आपल्याकडे पोलिसांसाठी गावातून वेगळा कर नाही, म्हणून जाब विचारण्याची सवयही नाही.

नांगरट

वकीलबाईंचा मुद्दा मला माझ्या मूळ आक्षेपाहून गंभीर वाटतो. कोणत्याही निधीची पहिली अट अशी असावी की महिलांवरील अत्याचाराची तक्रार समितीने ऐकूनच घेऊ नये, ती थेट ठाण्यात जावी, आणि मिटवलेल्या तंट्यांच्या संख्येला एकही गुण नसावा. बंदोबस्ताचा प्रश्नही खरा आहे. बीटवरचा माणूस ठरावीक दिवशी हलवायचा नाही असा लेखी आदेश नसेल तर माझ्या सूचनेतला प्रवासखर्च वाया जाईल.

तरीही पोलीस पाटलाबद्दल मी ठाम आहे. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने हे पद कायम ठेवले, २०२४ मध्ये त्याचे मानधन दरमहा १५ हजार रुपये करण्याचा निर्णय झाला, म्हणजे शासन गावात एका माणसावर आधीच नियमित खर्च करत आहे. कार्यालय आणि प्रशिक्षण द्यायचे ते याच माणसाला द्यावे, नवा पुरस्कार कशाला?

माजी सरपंच

कारण पोलीस पाटील तहसील आणि ठाण्याला उत्तर देतो, ग्रामसभेला नाही. गुणांची पद्धत रद्द करा, महिलांविषयीची अट घाला, मला दोन्ही मान्य आहेत. पण वार्षिक निधी ग्रामसभेच्या ठरावाशिवाय खर्च होणार नाही आणि त्याचा हिशेब ठाणेदाराने २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहून वाचावा, हे कलम त्यात नसेल तर माझा विरोध कायम राहील.

खाकीतला निवृत्त

ठाणेदार त्या सकाळी परेडच्या बंदोबस्तात असतो. तारीख दुसरी धरा, म्हणजे मी आपल्या बाजूने.