चीनमध्ये ६८ला रिटायर व्हायचा नियम आहे की नाही?

उगाच_चौकशी:
मंडळी, एक शंका. चीनच्या पॉलिटब्युरोत (कम्युनिस्ट पक्षाच्या वरच्या नेत्यांचं मंडळ) ६७ असेल तर राहा, ६८ झाले की घरी, असं कायम वाचतो. मग २०२२च्या पार्टी काँग्रेसला (दर पाच वर्षांनी होणारं पक्षाचं अधिवेशन) शी जिनपिंग ६९चे असून कसे काय चालले? आणि पंतप्रधान ली कछ्यांग ६७चेच होते तरी त्यांना घरी पाठवलं. नियम मधेच बदलला का?

निवांत:
बदलायला आधी लिहिलेला तर पाहिजे ना :) वरच्या नेत्यांसाठी असा आकडा पक्षाच्या घटनेत नाहीच. १९९७ला ७०ची रेघ मारली, त्यात छ्याओ शी, तेव्हाचे पक्षप्रमुख जियांग झेमिन यांचे प्रतिस्पर्धी, गेले आणि जियांग स्वतः ७१चे असून राहिले. २००२ला रेघ ६८वर आणली, जियांगांशी न जुळणारे ली रुइह्वान बरोब्बर ६८चे, गेले. नेमका अडचणीचा माणूसच कसा सापडतो बघा. २०२२ला तर जनरल झांग यौशिया ७२चे असून राहिले आणि एकेकाळी वारस मानले जाणारे ५९चे हू छुनह्वा पॉलिटब्युरोतून बाहेर!

कोपऱ्यातला:
सगळंच नाटक होतं असं नाही हां. २०१७ला वांग छिशान शींच्या जवळचे असूनही ६९ म्हणून स्टँडिंग कमिटीतून (पॉलिटब्युरोतली सगळ्यात वरची मंडळी) गेले (पुढच्या वर्षी देशाचे उपाध्यक्ष केलं ते सोडा). जागा कधी रिकामी होणार हे खालच्यांना आधीच कळायचं, हा मोठा फायदा होता. शी स्वतः २००७ला ५४व्या वर्षी स्टँडिंग कमिटीत आले, २००८ला देशाचे उपाध्यक्ष, २०१०ला लष्करावर ताबा असलेल्या मिलिटरी कमिशनचे उपाध्यक्ष, २०१२ला सरचिटणीस (म्हणजे पक्षप्रमुख), म्हणजे पाच वर्षं आधीच वारस समोर दिसत होता. आता स्टँडिंग कमिटीच्या सातांत सगळ्यात तरुण दिंग श्वेशियांग, तेही १९६२चे, आणि एखादा प्रांत सांभाळल्याचा अनुभव शून्य.

उगाच_चौकशी:
अच्छा, म्हणजे २०१८ला दोन टर्मची अट काढली तिथेच सगळं बिघडलं?

निवांत:
ती अट राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदाची होती हो, पक्षातल्या पदांची नाही, डेंग शियाओपिंगच्या काळातल्या १९८२च्या राज्यघटनेतली. २९५८ विरुद्ध २ मतांनी गेली. खरी ताकद सरचिटणीसपद आणि मिलिटरी कमिशनमध्ये, तिथे टर्मची अट कधी नव्हतीच, म्हणून तर जियांग २००२ला पक्षाचं पद सोडूनही कमिशनला २००४पर्यंत चिकटून बसले. २०२७ला शी ७४चे असतील, पण वय मोजत बसण्यापेक्षा कमिशनच्या उपाध्यक्षपदावर कोणी बिनलष्करी माणूस बसतो का तेवढं बघा, २०१०ला शी बसले तसा, तोच वारस.