भस्त्रिकेनंतर मुंग्या, धडधड. ऑक्सिमीटर मात्र ९८

योगवर्ग, सुदामा नगर (इंदूर): वर्गात एक ताई येतात. पॅनिक डिसऑर्डरचं (अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याचा आजार) निदान झालंय, औषध चालू आहे. भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचा प्राणायाम) सुरू केली की मिनिटाभरात बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, चक्कर, "श्वास पुरत नाही". ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की आणखीच बिघडतं. असं का?

निवासी डॉक्टर: ऑक्सिजन भरपूर आहे, उतरतोय तो कार्बन डायऑक्साइड, आणि तो बोटावरच्या यंत्राला दिसत नाही. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण ३५ ते ४५ मिमी पारा असतो. गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर केली की तो घसरतो, रक्त अल्कलीकडे झुकतं, मोकळं कॅल्शियम घटतं. म्हणून मुंग्या, कधी बोटंही आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर. दुसरा कोणी म्हणेल "जरा गरगरलं". या ताईंना वाटतं, हार्ट अटॅकच आला. घाबरून श्वास आणखी वाढतो. "दीर्घ" ऐकलं की माणूस छाती फुगवून भराभर ओढतो, घोळ तिथेच होतो.

श्वसन-फिजिओ: त्यांची भस्त्रिका, कपालभाती तूर्त बंद करा. कुंभकही (श्वास रोखून धरणं) नको. तोंड मिटून, नाकाने, *लहान* श्वास: ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. तळहात बेंबीवर ठेवायला सांगा. खांदे उचलले जात असतील तर श्वास अजून मोठाच आहे. मोजताना कोंडल्यासारखं झालं तर ३-४ वर या. सराव बरं वाटत असताना, दिवसातून दोनदा पाच मिनिटं. ऐन झटक्यात पहिल्यांदा शिकवायला गेलात तर काही डोक्यात शिरत नाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका. दमा किंवा हृदयविकार असेल तर ऑक्सिजन खरंच घसरेल.

समुपदेशक: वरचं पटतं, पण ४-६ हाच ताईंचा ताईत व्हायला नको. "मोजलं नाही तर मरेन" असं वाटायला लागलं तर भीती तशीच राहते. सीबीटीत (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारात) म्हणून उलटं करतात: मुद्दाम मिनिटभर जोरात श्वास घेऊन त्याच मुंग्या आणायच्या, आणि काही न करता त्या ओसरू द्यायच्या. हे थेरपिस्टसमोरच, वर्गात नाही. गरोदरपण, फिट्स, दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

योगवर्ग, सुदामा नगर: आणि खरंच हृदयाचं असेल तर?

निवासी डॉक्टर: छातीवर दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे कळ, थंड घाम, किंवा रीडिंग ९४ च्या खाली: थेट १०८. ईसीजीशिवाय "पॅनिकच आहे" म्हणू नका. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन), १४४१६.