सायनस, गेलेली चव आणि बसलेला आवाज: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०२ वहिनी: नमस्कार सगळ्यांना. एक घरगुती प्रश्न विचारते. गणपतीत सर्दी झाली, दिवाळी होऊन गेली तरी पूर्ण गेलेली नाही. नाक चोंदलेलं, कपाळ आणि गालाची हाडं ठणकतात, खाली वाकलं की डोकं जड होतं. जेवणाला चव लागत नाही. परवा दोडक्याची भाजी करपली ते मला कळलंच नाही, मुलाने येऊन गॅस बंद केला. आता आवाजही बसलाय. पहिलीचा वर्ग आहे माझ्याकडे, दुपारपर्यंत घशातून नुसती हवा येते. गोळ्यांचे कोर्स झाले, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. काय करावं?

ए-१०४ काकू: अगं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंग. रात्री हळद-दूध घे. आणि डोक्यावरून गार पाणी घेऊ नकोस.

सी-६०१ दादा: वहिनी, मला मागच्या महिन्यात अझिथ्रो या अँटिबायोटिकने लगेच गुण आला होता. थोड्या गोळ्या उरल्यात, वॉचमनकडे ठेवू का?

बी-५०३ सिस्टर काकू: नको रे बाबा, गोळ्या नको देऊस. वहिनी, मी कान-नाक-घसा वॉर्डात नोकरी केली आहे म्हणून आधी दोन गोष्टी विचारते. चहा गोड झालाय हे कळतं का? आणि नाकात थेंब टाकता का?

बी-३०२ वहिनी: गोड कळतं काकू. आल्याचा आहे की वेलचीचा, ते नाही कळत. थेंब रोज रात्री टाकते, त्याशिवाय झोपच लागत नाही.

बी-५०३ सिस्टर काकू: मग जीभ ठीक आहे. गोड, खारट, आंबट, कडू एवढंच जिभेचं काम. आलं, वेलची, फोडणी, कोथिंबीर हे सगळं नाकाला कळतं. वास ओळखणारी जागा नाकाच्या अगदी वरच्या टोकाला असते. सूज असेल किंवा नाकात मांस वाढलेलं असेल तर हवा तिथे पोहोचतच नाही, आणि आपण म्हणतो तोंडाची चव गेली.

थेंबांचं नीट ऐका. चोंदलेलं नाक पटकन मोकळं करणारे ते थेंब तीन ते पाच दिवसांपुरतेच असतात. त्यापुढे टाकत राहिलं की थेंबाचा असर उतरला की नाक आणखी सुजतं, मग परत थेंब. तुमचं अर्धं चोंदणं त्यातूनच येत असेल असं मला वाटतं. कसे सोडायचे ते डॉक्टर सांगतील.

बारा आठवड्यांच्या वर गेलेल्या सायनसला जुनाट म्हणतात आणि त्याची वाट वेगळी असते. साधी सर्दी बहुतेक वेळा विषाणूची, तिला अँटिबायोटिक लागतच नाही. जुनाट प्रकारात मुख्य भांडण सुजेशी असतं. म्हणून कोर्सवर कोर्स घेऊनही तुम्ही तिथल्या तिथेच आहात. आता दुर्बिणीने नाक आतून बघायलाच हवं.

डी-२०५ काका (योगवर्ग): जलनेती सुचवतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना फायदा झालाय.

बी-५०३ सिस्टर काकू: काका, अगदी बरोबर. मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा तर डॉक्टरही सांगतात तो उपाय आहे. फक्त पाण्याबद्दल मी हट्टी आहे. आपल्या टाकीचं किंवा फिल्टरचं पाणी थेट नाकात नको. केरळात २०२५ मध्ये मेंदूच्या अमीबाचे इतके रुग्ण सापडले. त्यातला एक अमीबा नाकातूनच शिरतो, पोटात गेला तर काही करत नाही. पाणी खळखळून उकळवा, एक मिनिट तरी उकळू द्या, कोमट होऊ द्या. पाव लिटरला सपाट अर्धा चहाचा चमचा साधं मीठ. औषधाच्या दुकानात तयार पुड्याही मिळतात. भांडं रोज धुऊन वाळवायचं.

ए-४०३ भाऊ: माझं दुर्बिणीचं ऑपरेशन झालंय, नाकाचं हाड वाकडं होतं आणि मांसही वाढलं होतं. आधी बरेच आठवडे स्प्रे दिला, मग सीटी स्कॅन, मग ऑपरेशन. वास हळूहळू परत आला. एक सांगतो, बऱ्याच आरोग्य विम्यांत सायनसच्या ऑपरेशनला दोन वर्षं थांबावं लागतं. तुमची पॉलिसी आत्ताच वाचून बघा.

ए-१०४ काकू: स्प्रे म्हणजे स्टिरॉइडच ना? त्याची सवय लागते म्हणतात.

बी-५०३ सिस्टर काकू: नाही हो काकू, सवय लागते ती त्या थेंबांची. स्टिरॉइडचा स्प्रे बहुतेक नाकातच काम करतो, अंगात फार थोडा जातो. पण तो रोज मारावा लागतो आणि गुण यायला काही आठवडे जातात. लोक चार दिवसांत सोडून देतात. आणि मारायचा कसा हे कोणी शिकवत नाही. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. स्प्रेचं तोंड बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेला. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर नाकातून रक्त येतं.

ए-६०२ ताई: मी वर्षानुवर्षं सायनसच समजत होते, निघाला मायग्रेन. २००४ साली अमेरिकेत स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या जवळजवळ ३,००० लोकांची पाहणी झाली होती. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली. मायग्रेनमध्येही नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं. वहिनींचा वास गेलाय म्हणजे नाकाचं काहीतरी आहेच, पण डोकेदुखी वेगळी असू शकते. उजेड सहन होत नाही, मळमळतं असं असेल तर डॉक्टरांना सांगा.

सी-२०४ मावशी: आमच्या ह्यांना एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड यायचा. वरच्या दाढेच्या मुळाशी पू होता. दाताच्या डॉक्टरांनी बरं केलं.

बी-३०२ वहिनी: माझं दोन्ही बाजूंना आहे. पण खरी काळजी आवाजाची वाटते. रजा तरी किती घेणार?

बी-५०३ सिस्टर काकू: आवाज बसून किती दिवस झाले?

बी-३०२ वहिनी: दिवाळीच्या सुट्टीआधीपासून. महिना तरी झालाच असेल.

बी-५०३ सिस्टर काकू: मग नाक बघतील तेव्हा घसाही दुर्बिणीने बघायला सांगा. हे विसरू नका. चार आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज सायनसमुळेच आहे असं गृहीत धरायचं नाही, स्वरयंत्र प्रत्यक्ष बघायचं. नाकातला चिकट स्राव घशामागून खाली उतरतो, आपण खाकरत राहतो, त्याने सूज येते, त्यात वर्गात ओरडणं. हे तर आहेच. पण अॅसिडिटीनेही आवाज बसतो आणि शिक्षकांना स्वरतंतूंवर गाठीही होतात. तोवर खाकरायचं नाही, घोटभर पाणी प्यायचं. कुजबुजूनही बोलायचं नाही, त्यानेही ताण येतो. कमरेला लावायचा छोटा माइक मिळतो, शाळेकडे मागा. बाई, तुमचा आवाज हे तुमचं कामाचं साधन आहे.

सी-६०१ दादा: काकू, वाफ घ्यायची की नाही?

बी-५०३ सिस्टर काकू: बरं वाटत असेल तर घ्या, पण त्याने सायनस बरा होत नाही. आणि उकळत्या पाण्याचं पातेलं मुलांसमोर नको. वॉर्डात भाजलेली मुलं बघितली आहेत मी.

सगळ्यांसाठीच लिहिते. डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणं, मान आखडणं, खूप ताप, शुद्ध हरपणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी. मधुमेह असणाऱ्यांना नाकातून काळपट स्राव आला किंवा गाल बधिर झाला तरीही तसंच. २०२१ मध्ये म्युकर या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे गेले ते आपण पाहिलंय.

आणि वहिनी, तुम्हाला वास येत नाही म्हणजे गॅसची गळतीही कळणार नाही. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. गळती झाली की वाजणारं यंत्र बसवून घ्या. रात्री रेग्युलेटर बंद आहे ना, हे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी रोज बघायचं.

बी-३०२ वहिनी: हे डोक्यातच आलं नव्हतं. आजच मागवते. काकू, आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, काळी बुरशी आलीये. त्याने होत असेल का हे?

बी-५०३ सिस्टर काकू: त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. पण अॅलर्जी असेल तर बुरशीने नाक शांत होत नाही. डॉक्टरांना जरूर सांगा. आणि सध्या त्या खोलीत झोपू नका.

सेक्रेटरी काका: ही ओल ४०२ च्या बाथरूममधून येते आहे, तक्रार पावसाळ्यापासूनची आहे. उद्या सकाळी दहाला प्लंबर आणतो. ४०२, कृपया घरी थांबा.

बी-४०२ दादा: थांबतो काका. वहिनी, हे तब्येतीवर आलंय हे माहीत नव्हतं. जे काही तोडावं लागेल ते तोडू.

बी-३०२ वहिनी: धन्यवाद दादा. ईएनटीची उद्या दुपारची वेळ मिळाली. काय काय नेऊ?

बी-५०३ सिस्टर काकू: आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ते थेंब. दमा आहे का, आणि डोकं दुखतं म्हणून ब्रुफेनसारखी गोळी घेतल्यावर छाती भरून येते का, तेही सांगा. नाकातल्या मांसाशी त्याचा संबंध असतो. दुपारी मी मोकळी आहे, हवं असेल तर बरोबर येते.

बी-३०२ वहिनी: या काकू. मला फार बोलता येत नाही, तुम्ही असलात तर सगळं नीट सांगून होईल. तीन वाजता खाली भेटू.