दत्तक मुलासाठी इटलीहून आलेलं जोडपं आमच्याकडे राहतंय, त्यांना गोवा कसा दाखवू?

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी, आमचं घर फोंड्याजवळ, वरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना भाड्याने देतो. पावसात सहसा कोणी नसतं पण यंदा इटलीचं एक जोडपं आलंय, फिरायला नाही, इथल्या एका संस्थेतलं मूल त्यांनी दत्तक घेतलंय. कलेक्टरांची ऑर्डर झाली, मूल त्यांच्यापाशी आलं, आता पासपोर्ट आणि मग मुंबईहून व्हिसा होईपर्यंत तिघंही आमच्याकडेच. मुलाबद्दल जास्त काही लिहीत नाही, चालतं-बोलतं आहे एवढंच समजा.

तर त्या बाईने काल मला विचारलं की आम्हाला इथली संस्कृती बघायची आहे, उद्या मूल मोठं होऊन विचारेल तेव्हा आम्ही काय सांगणार. माझ्या नवऱ्याने लगेच कागदावर प्लॅन केला, मंगेशी, म्हार्दोळ, मसाल्याची बाग, ओल्ड गोवा, मिरामार, एका दिवशी एक. सासूबाई म्हणतात काही नको, पोर रात्री रडतं, त्याला घरात बसू द्या. मला दोघांचंही पटतं आणि काय करावं ते कळत नाही. ते दोघे खरंच खूप मनापासून विचारतात हो, कपड्यांना चिमटे लावताना, मी नारळ किसताना, सगळीकडे उभे राहून बघत असतात. कुणाला अनुभव असेल तर सांगा ना, त्यांना काय दाखवू आणि मी स्वतः काय करू.

निवृत्त_ताई
फोंडेकरीण, मी बरीच वर्षं अशा संस्थेत काम केलंय म्हणून जरा लांब लिहिते, राग मानू नकोस. तुझ्या सासूबाईंचं बरोबर आहे. त्या मुलाने आत्ताच त्याला माहीत असलेलं एकमेव घर सोडलंय. आपल्याला वाटतं बिचाऱ्याला आई-बाबा मिळाले, आता आनंदच आनंद, पण त्याच्या बाजूने बघितलं तर जेवू घालणारी मावशी गेली, शेजारच्या कॉटवरचा मित्र गेला, वास बदलला, भाषा बदलली, आणि त्यात रोज गाडीत घालून नवीन देऊळ नि नवीन गर्दी कशाला.

तिला संस्कृती हवी आहे ना, तर त्या मुलाचा संस्थेतला दिवस शिकायला सांग. तीच त्याची संस्कृती आहे आत्ता. संस्थेत फोन करून सांभाळणाऱ्या मावशीशी बोलणं करून दे, तू मध्ये दुभाषी हो. सकाळी किती वाजता उठायचं, पेज मिळायची की दूध, भात कितपत मऊ, डाळ वरून की कालवून, आंघोळ गरम पाण्याची का, डोक्याला तेल कुठलं, झोपताना कुशीवर की पालथं, कोणी थोपटायचं की आपापलं झोपायचं, अंधाराला घाबरतं का. मावशी काही गुणगुणत असेल तर संस्थेला विचारून तिचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्या. रोजचं पांघरूण देत असतील तर मागून घ्या आणि मुळीच धुवू नका, त्याला तो वास हवा असतो.

मग हे सगळं त्या बाईला हाताने करायला शिकव. उकड्या तांदळाची पेज कशी शिजवायची, किती वेळ ठेवायची, वर मीठ आणि लोणच्याचा नुसता खार. हाताने कालवून भरवायला शिकव, त्यांना चमच्याची सवय असते आणि पोरं चमच्याला तोंड फिरवतात. भूक, तहान, शू, दुखतंय, भीती वाटते, झोप आली, हे शब्द मूल जसे बोलतं तसेच त्यांना त्यांच्या लिपीत लिहून दे. मुलं नवीन देशात गेली की जुनी भाषा फार लवकर विसरतात, पण तोपर्यंतचे पहिले आठवडे या शब्दांवरच निघतात.

आता तुझ्यासाठी, आणि हे तुला जड जाईल. तू त्याला उचलू नको, भरवू नको, खाऊ हातात देऊ नको. तुझी भाषा, तुझी साडी, तुझ्या स्वयंपाकाचा वास सगळं त्याच्या ओळखीचं आहे, ते तुझ्याकडेच धावत येईल. पण थोड्या दिवसांनी तू नसणार. भूक लागली, पडलं, रडलं तर आई-बाबांकडे जायचं हे त्याला आत्ताच कळायला हवं, म्हणून काहीही द्यायचं असेल तर त्यांच्या हातून जाऊ दे.

माशेलचो
ताईंचं सगळं मान्य, पण मी थोडा वेगळा सूर लावतो. आई-बाबांनी अजिबात काही बघायचं नाही हेही बरं नाही, कारण ते परत कधी येतील सांगता येत नाही, तिकिटं, रजा, पैसा, सगळं आहे. दोघांपैकी एकाने मुलापाशी थांबायचं आणि एकाने तासाभरासाठी बाहेर पडायचं, मुलाला ओढायचं नाही, हा मधला मार्ग आहे.

आणि देवळं दाखवायचीच तर यादी नको, एकच दाखव. आमच्या माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे, देवकी आणि बाळकृष्ण यांची एकत्र मूर्ती. एरवी देवळात कृष्ण बासरी घेऊन नाहीतर राधेबरोबर दिसतो, जन्म देणाऱ्या आईबरोबर कुठे दिसतो? त्याला वाढवलं यशोदेने, आणि आपण लहानपणापासून दोन्ही आयांची नावं एका दमात घेतो, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. हे त्या बाईला समोर उभं राहून सांगा, मला वाटतं तिला त्याची फार गरज पडेल पुढे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्याच देवळासमोर चिखलकालो असतो, गावातले म्हातारे आणि पोरं सगळे तेल लावून चिखलात खेळतात, तोपर्यंत ते इथे असतील तर बाबाला घेऊन या, मी स्वतः चिखलात उतरवतो त्याला.

बाकी रोजचं ते तुमच्या दारात येतंच. सकाळी सायकलवरून पोदेर म्हणजे पाववाला हॉर्न वाजवत येतो, मुलाला घेऊन आईनेच खाली उतरून पोळी आणि उंडो, दोन्ही इथले पावच, घ्यायचे, पैसे मुलाने द्यायचे. रेकॉर्ड करायचंच असेल तर तो हॉर्नही रेकॉर्ड करा, आणि कौलांवरचा पाऊससुद्धा.

पेडणेकर_वकील
दोन गोष्टी लक्षात ठेवा, छोट्या आहेत पण महत्त्वाच्या. परदेशी पाहुणे राहायला आल्यापासून चोवीस तासांत त्यांची माहिती देणारा फॉर्म, ज्याला सी फॉर्म म्हणत आले तो, ऑनलाईन भरावा लागतो, तो भरलाच असेल, पोच जपून ठेवा. दुसरं म्हणजे फोटो. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजारीण कौतुकाने व्हॉट्सॲप स्टेटसला टाकते आणि तिथून ते कुठे जाईल पत्ता लागत नाही. तुम्ही इथे नाव-वय लिहिलं नाही ते उत्तम केलंत. वाड्यावरच्या लोकांनाही आधीच सांगून ठेवा, आणि "खरी आई कोण" हा प्रश्न मुलासमोर कुणीही विचारायचा नाही, मूल लहान असलं तरी त्याला समजतं.

मिलानवासी_गोंयकार
मी इटलीत मिलानच्या बाजूला राहतो, आमच्या बिल्डिंगमध्ये भारतातून दत्तक आलेली एक मुलगी आहे, आता कॉलेजात जाते. तिच्या आई-बाबांनी घर हत्तीच्या मूर्ती आणि ताजमहालाच्या चित्रांनी भरून ठेवलंय, प्रेमानेच, पण ती आमच्याकडे आली की माझ्या बायकोला विचारते ते वेगळंच असतं. तिकडे पाऊस पडतो तेव्हा आवाज कसा येतो, मला कोणी सांभाळलं असेल, मी जेवायचे काय, माझ्या खिडकीतून काय दिसत असेल. याची उत्तरं तिच्या घरी कुणापाशी नाहीत. म्हणून तुमच्या पाहुण्यांना म्हणावं एक साधी वही करा, तारीख घालून रोज लिहा, आज पेज किती खाल्ली, कशाला हसलं, कुठल्या रस्त्याने गेलो, मावशीने काय सांगितलं. संस्थेचा बाहेरून फोटो, तिथलं झाड, दार, हे पण वहीत, फक्त घरच्यासाठी. कागदपत्रं तर एकूण एक जपायची, कारण अठरा वर्षं पूर्ण झाली की मूल स्वतः कारा म्हणजे दत्तक प्राधिकरणाकडे आपल्या मुळांबद्दल अर्ज करू शकतं आणि त्या आधी आई-बाबांसोबत.

एक मात्र जपा, "तू गोंयकार" असं ठामपणे सांगू नका. संस्था गोव्यात आहे म्हणून जन्म देणारी इथलीच असेल असं नाही, गोव्यात कुठून कुठून लोक कामाला येतात. जे आपल्याला खरंच ठाऊक आहे तेवढंच सांगायचं, तू या घरात इतके दिवस होतास, ही पेज खायचास, हा पाऊस ऐकायचास. नंतर काही वेगळं कळलं तर त्याला आपल्याला फसवलं असं वाटायला नको.

पेजेची काळजी करू नका, इथे पो नदीच्या खोऱ्यात भातशेतीच भातशेती आहे, रिसोत्तोचा जाड तांदूळ जास्त पाणी घालून शिजवला तर पेज छान होते, आम्ही तशीच करतो, रंग लाल येत नाही एवढंच. सामानात तूप मात्र देऊ नका, युरोपात प्रवाशांना बाहेरून दूध-तुपाचे पदार्थ आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. आमचा नंबर द्यायचा तर मेसेज करा, माझी बायको कधीही बोलेल त्यांच्याशी, तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात मुलाला कुणीतरी फोनवर "जेवलास का" असं विचारलं तर बरं वाटेल.

फोंडेकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याने प्लॅनचा कागद फाडून टाकला. मावशीशी बोलणं झालं, ती पण रडली आणि आमची बाई पण. पोर पालथं झोपतं आणि पाठीवर हात लागतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं, ते दोघे त्याला उताणं ठेवून गाणी म्हणत होते. मिलानवाले दादा, मेसेज केलाय.

ताई, एकच विचारायचं राहिलं. काल पोर जिन्यात आलं आणि माझा पदर धरून उभं राहिलं. तुम्ही म्हणता उचलू नको, मग झिडकारल्यासारखं नाही का होणार? मला तर तिथे रडूच येत होतं.

निवृत्त_ताई
झिडकारायचं कशाला गो. खाली बस, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोल, आणि बोलत बोलत त्याला घेऊन वर त्यांच्या दारापर्यंत जा. "आई बघ तुझी वाट बघते" असं म्हण आणि त्याचा हात तिच्या हातात दे. दहा वेळा आलं तर दहा वेळा तेच. तिलाही समजावून ठेव की दार वाजलं की हातातलं काम टाकून यायचं, फोनवर असली तरी. आणि पेजेत मीठ बेताचं घाल, मावशीला विचार ती किती घालायची ते.