मधला पाइप मोकळा ठेवा

विजेच्या केबलसाठी जमिनीखाली काँक्रीटमध्ये पाइपांचा गठ्ठा पुरतात, त्याला डक्ट बँक म्हणतात. ‘३ बाय ३ च्या बँकेत नऊही पाइप सारखेच, केबल कुठूनही ओढा’ असं एकाने लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. पाइपांमध्ये अंतर राखणारे स्पेसर आणि काँक्रीट यांबद्दल त्याने लिहिलेलं बरोबर आहे. पण मधल्या पाइपाला चहूबाजूंनी गरम शेजारी असतात, त्याची उष्णता बाहेर पडणार कुठून? जास्त भाराच्या केबल कोपऱ्यांत घाला. मधला राखीव ठेवा, फार तर कंट्रोल केबल (सिग्नलपुरता किरकोळ प्रवाह नेणारी) घाला.

चाकणच्या एका कामावर आम्ही मधल्या पाइपातली जळालेली केबल मे महिन्यात उपसून काढली. इन्सुलेशन पार कडक झालं होतं, कोपऱ्यातल्या केबल मात्र ठणठणीत. आपल्याकडे पावसाळ्यात ओली जमीन उष्णता ओढून घेते, उन्हाळ्यात तोच मुरूम कोरडा पडून ती अडवतो. म्हणून केबल किती प्रवाह वाहू शकेल हे काढताना कोरड्या जमिनीच्या उष्णतारोधाचाच आकडा धरा.